जुन्या पेडल स्टीलसाठी मनापासून आभार

टेक्सासात स्वस्तात मिळालेली माझी जुनी पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची आणि पेडलांनी तारांचा सूर बदलणारी गिटार) अखेर सुरात आली. दहा तारा, ई-नाइन जुळणी (तारा सुरात लावायची एक पद्धत), तीन पेडलं आणि गुडघ्यानं ढकलायची एकच दांडी; शिकणाऱ्याला पुरेशी.

घेण्याआधी प्रत्येक पेडल मला दाबून बघायला लावणाऱ्या विक्रेत्या आजोबांचे आभार. दुरुस्तीवाल्या बाईंचे तर किती मानावेत! गिटार उलटी ठेवून त्यांनी खालच्या सळ्या दाखवल्या, पहिलं पेडल पाचवी आणि दहावी तार बी सुरावरून सी शार्पवर कशी ओढतं ते समजावलं, सुकलेलं वंगण पुसलं आणि पैसेही घेतले नाहीत. तिसरी तार सारखी तुटते म्हणून जादा तारा देणाऱ्या वादकाचेही आभार. आता पहिली दोन पेडलं एकत्र दाबली की ई मेजर कॉर्डचा (स्वरमेळाचा) ए मेजर होतो, बार जागचा न हलवता. काय सुंदर मींड येते!