हल्ली मुक्काम नाशिक : पंचवटीतील तीर्थपुरोहित गुरुजींना आभारपत्र

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार.

महाकवी कालिदास कलामंदिरात आमच्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्या रात्री आपण शेवटपर्यंत बसलात. पण आम्ही रंगमंचावरून खाली येईतो निघूनही गेला होतात. समक्ष सांगायचे राहिले ते इथे लिहितो आहे.

खानदेशातून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आलेल्या आणि सिडकोत घर केलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांवर नाटक करायचे ठरले, तेव्हा गाणी आमच्याकडे पुष्कळ होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरची होती, खानदेशची देवी कानबाई हिची होती, जात्यावरच्या ओव्या होत्या. ती एकत्र बांधणारे सूत्र मात्र सापडत नव्हते. रामकुंडाजवळच्या आपल्या घरी आम्ही नुसत्या चौकशीसाठी आलो होतो. आपण गाव विचारलेत, आडनाव विचारलेत, आणि यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदींची वही उघडून माझ्या पणजोबांची मोडीतली नोंद वाचून दाखवलीत : तालुका अमळनेर, जिल्हा पूर्व खानदेश. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, त्यानंतरची ती नोंद. घरात कोणी कधी न उच्चारलेली तीन नावे मी त्या दिवशी प्रथम ऐकली.

पुढे आजोबांच्या हस्ताक्षरात मूळ गावाखाली ‘हल्ली मुक्काम सातपूर, नाशिक’ असे लिहिलेले होते. आमच्या संहितेत तोवर पानोपानी ‘गाव सुटले’ हाच सूर होता. आपण शांतपणे म्हणालात, “वहीत गाव सुटल्याची नोंद नसते. मूळ असते आणि हल्ली असते.” त्या एका वाक्यासाठी आम्ही दुसरा अंक पुन्हा लिहिला. आजोबांचे ते ‘हल्ली’ त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले, आणि तेच शब्द आमच्या मुख्य गाण्याचे पालुपद झाले.

ज्या घराण्याची नावे रंगमंचावर गायची, त्या घरातल्या माणसाने आधी स्वतः येऊन संमती द्यावी, ही आपली अट सुरुवातीला मला जाचक वाटली होती. तिच्यामुळेच आमच्या संचातले कलाकार आपापल्या वडीलधाऱ्यांना घेऊन पंचवटीत आले. आमचा ढोलकीवादक आणि मी चार पिढ्यांमागे एकाच घरातले, हेही तेव्हाच उलगडले. कानबाईच्या रोटांचा प्रसाद भाऊबंदांतच वाटायचा असतो. आम्ही दोघे सिडकोच्या एकाच भागात राहून इतकी वर्षे तो वेगवेगळा खात होतो. नाटकातला रोटांचा प्रवेश तिथून आला, आणि तालमीत तो प्रवेश करताना ढोलकीवादकाला दोनदा थांबावे लागले.

आपण मोडी वाचण्यासाठी किती दुपारी दिल्यात, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. त्या प्रत्येक दुपारीबद्दल संपूर्ण संचाच्या वतीने मनःपूर्वक आभार मानतो.

एक विनंती आहे. येत्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल आणि सोमवारी तिला घेऊन आम्ही दोन्ही घरे गोदावरीवर येऊ. त्या वेळी माझ्या मुलीचे नाव वहीत लिहून घ्यावे.

आपला कृतज्ञ,
नाटकाचा लेखक-दिग्दर्शक
मूळ गाव तालुका अमळनेर, हल्ली मुक्काम नाशिक