पादरीबाबाचं पोट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी इमारतींच्या भिंतींवर चित्रं काढायच्या आधी स्थानिक लोकांची मंजुरी घ्या, असं एका वाचकाचं पत्र परवा तुमच्या अंकात आलं. वाचताना पटतंच ते. पण ही मंजुरी कुठवर जाते ते मी गेल्या वर्षी मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो तेव्हा बघून आलोय, म्हणून लिहितोय.

तिथे रिंकन अ‍ॅनेक्स नावाचं पोस्ट आहे, म्हणजे होतं, आता ऑफिसं नि फ्लॅट झालेत, पण पुढचा हॉल तसाच ठेवलाय आणि भिंतींवर वरच्या बाजूला ओळीने २७ चित्रं, शहराचा सगळा इतिहास. १९३४ मध्ये तिकडे ट्रेझरी खात्याने यासाठी एक विभागच काढला होता, पोस्ट बांधायचं तर खर्चातला साधारण एक टक्का चित्र-शिल्पाला. मंदीत बेकार चित्रकारांना दिलेली ती मदत होती असं मी समजत होतो, पण ती योजना वेगळी, इथे बऱ्याचदा स्पर्धा व्हायची आणि स्केचवर चित्रकाराचं नावच नसायचं, म्हणजे वशिला लावणार कुठे!

रिंकनची स्पर्धा १९४१ मध्ये अँटन रेफ्रेजिए या चित्रकाराने जिंकली, २६ हजार डॉलरचं काम. मधे महायुद्ध आलं, त्यामुळे १९४६ ला सुरू झालं नि १९४८ ला संपलं. आणि मग तक्रारी बघा. एका चित्रात मिशनमधला पादरी गलेलठ्ठ आणि शेजारी आदिवासी हडकुळे, चर्चवाल्यांना राग आला, तर पादरीबाबाचं पोट कमी करायला लावलं! ज्या रूझवेल्टच्या काळात हा विभाग निघाला त्याचाच चेहरा एका चित्रातून काढायला लावला, तोही वरूनच. १९३४ च्या गोदी कामगारांच्या संपाच्या चित्रावरून तर कटकट संपतच नव्हती. असे सगळे मिळून ९२ बदल झाले म्हणतात. एवढं करूनही भागलं नाही, १९५३ मध्ये ही चित्रं काढूनच टाका म्हणून थेट अमेरिकन काँग्रेसमध्ये सुनावणी झाली.

वाचली ती कशी, तर म्युझियमवाले, चित्रकार आणि शहरातली माणसं पाठीशी उभी राहिली म्हणून. म्हणजे लोकांना विचारू नका असं मी म्हणतच नाहीये. स्केच ठरवताना काय भांडायचं ते भांडा, महिनाभर पोस्टातच लावून ठेवा हवं तर, पण एकदा रंग लागला की कुणाच्या तक्रारीवरून ब्रश परत उचलायचा नाही. आमच्याकडे पुलाच्या खांबांवर कॉलेजच्या पोरांनी काढलेली चित्रं वर्षाच्या आत पांढरी झाली, कुणी सांगितलं, का सांगितलं, कुणालाच माहीत नाही. तिथे निदान सुनावणी तरी झाली.

आमच्या तालुक्याच्या पोस्टात काउंटरच्या वर चांगली सात-आठ फूट मोकळी भिंत आहे, खाली खळीची वाटी आणि सुतळीने बांधलेलं पेन. तिथे कुणी चित्र काढणार असेल तर खुशाल काढा, पोस्टमन जाडा काढलात तरी माझी हरकत नाही.

आपला,
एक वाचक