ऐरोलीच्या आमच्या सिस्टरना

सिस्टर,

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत तुम्हाला सगळे सिस्टरच म्हणतात.

मागच्या श्रावणात तुम्ही पोळ्या न्यायला आलात तेव्हा मी ओट्याला टेकून उभी होते. पैसे काढायच्या आधी तुम्ही माझी खालची पापणी ओढून बघितलीत, नखं बघितलीत आणि विचारलंत, "अंगावरून किती जातं गं?" दीड वर्षात हे मला कोणी विचारलं नव्हतं. हिमोग्लोबिन ७.४ निघालं. सोनोग्राफीत गर्भपिशवीत गाठी दिसल्या, आणि "पिशवी १४ आठवड्यांची" असं ऐकून माझे हातपाय गार पडले. गर्भारपणातल्या आठवड्यांवरून पिशवीचा आकार सांगतात, हे तुम्ही समजावलंत तेव्हा कुठे जिवात जीव आला.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल दिला होता. पिशवी काढा, सोबत अंडाशयंही काढा, म्हणजे पुढची कटकट नको. मी तारीख घेऊनही आले होते, कारण मला त्यात वेगळं काही वाटलंच नाही. माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. माझी चुलतबहीण ऊसतोडीला जायची. पाळीपायी खाडा पडला की पैसे कापले जायचे, वर मुकादमाची उचल डोक्यावर. एकतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली, अंडाशयांसकट. पस्तिशीत तिला गरम वाफा यायच्या, हाडं दुखायची, आणि हे कशामुळे ते तिला कोणी सांगितलं नाही. पुढे २०१९ मध्ये बीडच्या बायकांबद्दल पेपरांत छापून आलं, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसलेल्या अशा ऑपरेशनांना आळा घालायला राज्यांना सांगितलं. तिच्यासाठी फार उशीर झाला होता. पिशवी काढायची तर ती अशीच, न विचारता, असं माझ्या डोक्यात बसलेलं होतं.

त्या संध्याकाळी तुम्ही मेंटेनन्सच्या बिलामागे चित्र काढलंत. पिशवी, तिचं तोंड, दोन नळ्या, दोन अंडाशयं. म्हणालात, "ह्यातलं काय काढायचं हा एक प्रश्न आणि कुठून काढायचं हा दुसरा. दोन्ही वेगळे विचार." माझ्यासाठी ते वाक्य म्हणजे बंद खोलीची खिडकी उघडावी तसं होतं.

पिशवीचं तोंड ठेवलं तर तिथल्या कॅन्सरसाठी करतात ती पॅप तपासणी पुढेही करत राहावी लागते. अंडाशयं चांगली असतील आणि पाळी जायची वेळ झाली नसेल, तर ती काढण्याचं कारण डॉक्टरांनी सांगायला हवं, कारण ती गेली की हाडांना आणि हृदयाला मिळणारा आधार एका दिवसात तुटतो. नळ्या मात्र बऱ्याचदा काढतात, कारण अंडाशयाचे कितीतरी कॅन्सर मुळात नळीच्या टोकाला सुरू होतात. हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मग रस्ते. खालून काढली तर पोटावर कापच नाही. अंग बाहेर येत असलेल्या बायकांना तो मार्ग सोयीचा. दुर्बिणीतून काढली तर तीन-चार छोटी छिद्रं. पोट उघडून काढली तर सावरायला दीड-दोन महिने, पण पिशवी फार मोठी असेल किंवा कॅन्सरची शंका असेल तर कधी तेच बरं. माझं एक सिझेरियन झालेलं, म्हणजे आत चिकटलेलं असू शकतं, हेही विचारायला सांगितलंत. आणि मोठी पिशवी तुकडे करून काढणार असतील तर आधी तिच्या आतल्या अस्तराची तपासणी झाली का, तुकडे प्लास्टिकच्या थैलीत बंद करूनच करणार का, हेही.

"कर" किंवा "नको करू" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. याचं मोल मला आता जास्त कळतं.

दुसरं मत घ्यायला ठाण्याला गेलो तेव्हा ट्रान्सहार्बर लोकलमध्ये तुम्ही सोबत होतात. तिथल्या डॉक्टरबाईंनी बिलामागे लिहिलेले आपले प्रश्न शांतपणे वाचले आणि एकेक प्रश्नाचं उत्तर दिलं. आधी अंगावरून जाणं कमी व्हावं म्हणून पिशवीत तांबीसारखी हार्मोनची टी बसवली. गाठ आतल्या बाजूला आलेली, त्यामुळे ती चार महिन्यांत निसटून पडली. नुसत्या गाठी काढण्याचं, गाठींचा रक्तपुरवठा बंद करण्याचंही बोलणं झालं. शेवटी शेहेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः ठरवलं: दुर्बिणीतून, पिशवी आणि नळ्या, अंडाशयं जागेवर. आधी सलाईनमधून लोह देऊन हिमोग्लोबिन १० च्या वर आणलं, मगच टेबलावर घेतलं. तिसऱ्या दिवशी घरी.

घरी आल्यावर मी पातेलं उचलायला गेले तर तुम्ही ओरडलात. "बाहेर टाके दिसत नाहीत म्हणून आत नाहीत असं समजू नकोस!" ह्यांनी तेव्हापासून कणकेचा डबा माझ्या हाती लागू दिला नाही.

परवा बहिणीचा फोन आला. तिच्या जावेला पिशवी काढायला सांगितलंय, वय ३४. मी बिलाचा फोटो पाठवलाय आणि तारीख घ्यायच्या आधी मला फोन कर म्हटलंय. तुमच्याशी तिचं बोलणं करून देईन, चालेल ना?

सोमवारी सहा आठवडे होतात. डॉक्टरबाईंनी हो म्हटलं तर त्या दिवशी तवा मी ठेवणार आणि पहिल्या चार पोळ्या तुमच्याकडे.

तुमची,
तळमजल्यावरची पोळीभाजीवाली