लाल फुलीखालची पेन्सिलची ओळ

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्याकडे शिकवायला तीनच आठवडे होतात, कुणाच्या तरी रजेच्या जागी. तुमचा पत्ता घ्यायचं मला सुचलं तोवर तुम्ही निघून गेला होतात. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. पोचलं तर उत्तमच, नाही पोचलं तरी एकदाचं लिहून होईल.

ती उत्तरपत्रिका तुम्हाला आठवत नसणार. लिनियर अल्जेब्राची चाचणी, चौथा प्रश्न. दोन बाय दोनचा मॅट्रिक्स, वरच्या ओळीत ० आणि −१, खालच्या ओळीत १ आणि ०. आयगेन व्हॅल्यू काढा, म्हणजे जे बाण स्वतःच्या रेषेवरच राहतात ते कितीने गुणले जातात ते सांगा. मी डिटरमिनंट काढून समीकरण मांडायच्या नेहमीच्या वाटेला गेलोच नव्हतो, बाण काढले होते. मॅट्रिक्स लावला की आडवा बाण (१, ०) उठून उभा राहतो आणि (०, १) होतो, उभा बाण डावीकडे कलंडून (−१, ०) होतो. म्हणजे सगळा कागद पाव फेरा फिरतो. खाली मी लिहिलं होतं, 'एकही बाण स्वतःच्या रेषेवर राहत नाही, म्हणून आयगेन व्हॅल्यू नाही.' त्यावर ही भली मोठी लाल फुली, शून्य गुण, आणि शेजारी 'पद्धत???'.

ती तीन प्रश्नचिन्हं मला फुलीपेक्षा जास्त लागली.

मी सरांना विचारायला गेलो होतो, तुम्ही यायच्या आधी. उत्तर मिळालं, 'लॅम्डा वर्ग अधिक १ बरोबर ०, म्हणून लॅम्डा अधिक-उणे आय. यात न कळण्यासारखं काय आहे?' (लॅम्डा म्हणजे आयगेन व्हॅल्यू, आय म्हणजे उणे १ चं वर्गमूळ.) मी म्हटलं, सर, मग जागेवर राहणारा तो बाण दाखवा ना. 'चित्रं काढत बसलास तर पेपर पुरा व्हायचा नाही.' विषय संपला. वर्गातल्या हुशार मंडळींनी 'सोपंय रे' म्हणून पाठ थोपटली (सोपं कसं, ते कुणी सांगितलं नाही). गाइडमध्ये उत्तर होतं आणि लगेच पुढचा प्रश्न. दोन महिने माझी खात्री होत गेली की बाकीच्यांना तो बाण दिसतो, फक्त मलाच दिसत नाही.

तुमच्याकडे मी खरं तर दुसरीच शंका घेऊन आलो होतो. वहीतून ती उत्तरपत्रिका खाली पडली. तुम्ही उचललीत आणि मला परत द्यायच्या आधी वाचलीत. अख्खी वाचलीत. बाणांवरून पेन्सिलचं टोक फिरवत, माझी ओळ दोनदा वाचत. इतका वेळ कुणी माझ्या लिहिण्याकडे बघितलं नव्हतं, त्यामुळे मला घामच फुटला. मग तुम्ही लाल फुलीच्या खाली, बारीक अक्षरात, पेन्सिलने तीन शब्द लिहिलेत: 'वास्तव संख्यांत बरोबर.' वास्तव म्हणजे आय नसलेल्या, नेहमीच्या संख्या.

बस्स. गुण वाढवले नाहीत, तो अधिकार तुमचा नव्हताच. फुली लावणाऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. फक्त विचारलंत, 'कुठल्या संख्या घ्यायच्या, हे प्रश्नात लिहिलंय का?' मी प्रश्न पुन्हा वाचला. लिहिलेलं नव्हतं.

त्या तीन शब्दांनी माझं काय झालं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तो बाण मला दिसत नव्हता, कारण कागदावर तो नव्हताच! मी आंधळा नव्हतो. उलट मी जे बघत होतो ते अगदी खरं होतं, आणि ते ज्या कुंपणात खरं होतं त्या कुंपणाचं नाव तेवढं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं तुम्ही कागद फिरवून दाखवलंत. एकदा पाव फेरा, पुन्हा पाव फेरा. 'आता प्रत्येक बाणाचं काय झालं?' उलटा झाला. 'म्हणजे कितीने गुणला गेला?' उणे एकने. 'मग एकाच कृतीने दोनदा मिळून उणे एक केलं, तर ती कृती काय?' मी मॅट्रिक्सला त्याच मॅट्रिक्सने गुणून पाहिलं. −१, ०, ०, −१. ज्याचा वर्ग उणे एक येतो असं काहीतरी माझ्या चौथ्या प्रश्नात पहिल्यापासून बसलेलं होतं आणि मी त्याला आकड्यांचा तक्ता समजत होतो. लिनियर ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे काहीतरी करणारी गोष्ट, तिच्या स्तंभांत फक्त मूळ बाण कुठे जाऊन पडले त्याची नोंद असते, हे मी तोपर्यंत शंभरदा लिहिलं होतं. कळलं त्या दुपारी.

मग तुम्ही (१, −आय) हा व्हेक्टर, म्हणजे बाणच, दिलात आणि पेन्सिल माझ्या हातात ठेवलीत. मी गुणाकार केला. (आय, १) आला. क्षणभर वाटलं चुकलंच. मग आयला बाहेर काढलं आणि आत पुन्हा (१, −आय). स्वतःच्याच रेषेवर! आयगेन हा मुळात जर्मन शब्द, अर्थ 'स्वतःचा', हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. 'पण हा बाण या कागदावर काढता येणार नाही हं,' असंही म्हणालात. 'कागदावर एकही रेषा जागची राहत नाही. राहतो तो अख्खा कागद.'

निघताना मी ओशाळून म्हटलं, एवढ्याशा गोष्टीला दोन महिने लागले. तुम्ही हसलात आणि सांगितलंत: १५४५ साली कार्दानो या इटालियन गणितज्ञाने १० चे असे दोन भाग केले की गुणाकार ४० यावा, त्याला ५ अधिक-उणे 'उणे १५ चं वर्गमूळ' मिळालं, आणि हे सगळं निरुपयोगी आहे असं समजून त्याने सोडून दिलं. या संख्या सपाट पृष्ठभागावरचे बाण आहेत, त्यांचा गुणाकार म्हणजे फिरवणं आहे, हे वेसेल नावाच्या एका भूमापकाने मांडलं ते १७९७ साली. 'अडीचशे वर्षं. तुला दोन महिने.'

मला तेव्हा ते नुसतं सांत्वन वाटलं होतं. आता वाटतं, तुम्ही मला रांगेत उभं केलंत. अडलेल्या माणसांची रांग, पण चांगल्या माणसांची.

चांगुलपणाबद्दल लोक फार मोठमोठं बोलतात. मी पाहिलेला चांगुलपणा म्हणजे समोरच्याचं लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं, आणि त्याला पुरेल इतकंच बोलणं. त्याला पाच मिनिटं लागली असतील. त्याआधी ज्यांच्याकडे ती पाच मिनिटं नव्हती त्यांच्यावर माझा राग अजून आहे, तो गेला असं खोटं लिहीत नाही. तीन प्रश्नचिन्हं काढायलाही वेळ लागतोच की.

तुम्ही दोन प्रश्न देऊन गेला होतात. पहिला: तीन बाय तीनच्या वास्तव मॅट्रिक्सला 'आयगेन व्हॅल्यू नाही' हे उत्तर चालेल का? नाही चालणार. तिथे लॅम्डाचं समीकरण तिसऱ्या घाताचं, त्याचा आलेख एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली जातो, मध्ये कुठेतरी शून्य ओलांडतोच. म्हणून चेंडू जागच्या जागी कसाही फिरवला तरी एक आस हलत नाही. ऑयलर या गणितज्ञाने हे अठराव्या शतकात, मॅट्रिक्सशिवाय सिद्ध केलं होतं, हे नंतर वाचलं. माझ्या आधी कुणीतरी पोचलेलं असणार, याची सवय झाली आहे आता.

दुसऱ्याने मात्र आठवडाभर छळलं. वरच्या ओळीत १, १ आणि खालच्या ओळीत ०, १. कागद आडवा सरकतो, पत्त्यांचा गठ्ठा तिरका करावा तसा. आयगेन व्हॅल्यू १, तीच दोनदा, पण जागेवर राहणारी दिशा एकच, आडवी. दुसरी दिशा संमिश्र संख्यांत, म्हणजे आय धरून घेतलेल्या संख्यांत, लपली असेल म्हणून मी मोठ्या आशेने शोधायला गेलो. (क्ष, य) घेतला, क्ष अधिक य बरोबर क्ष आलं, म्हणजे य शून्यच, मग संख्या कुठल्याही घ्या. दोनदा तपासलं.

उत्तराखाली पेन्सिलने लिहून ठेवलंय: 'वास्तव संख्यांत नाही, संमिश्र संख्यांतही नाही.' बरोबर आहे ना, मॅडम?

आपला विद्यार्थी,
चौथ्या प्रश्नात शून्य मिळालेला