डाव्या दारातलं पाणी, तुमचं सिलिकॉन आणि ‘गाडी पावसात उभी करू नका’ हा सल्ला

प्रति,
महाव्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पॉवर विंडोच्या कामानंतर केबिनमध्ये येणारं पाणी आणि न झालेल्या दुरुस्तीची बिलं

तुमच्या कॉल सेंटरचा फोन आत्ताच ठेवला आहे, त्यामुळे सप्रेम नमस्कार वगळतो. गाडी तुम्हीच बनवलेली आहे, तेव्हा तिच्या दारात काय असतं हे तुम्हाला ठाऊक असेल असं धरून लिहितो. तुमच्या वर्कशॉपबद्दल तसं धरता आलेलं नाही.

गाडी 2012 सालची. पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्या अधिकृत वर्कशॉपने डाव्या पुढच्या दाराचा विंडो रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा, बदलला. पहिल्याच जोरदार सरीत त्याच बाजूचं, पायाखालचं कार्पेट भिजलं. त्याआधी ते कधीच भिजलं नव्हतं. नेमकं हेच जॉब कार्डावर लिहा म्हणून सांगितलं होतं. कार्डावर उतरलं ते ‘वॉटर लीकेज, चेक अँड रेक्टिफाय’.

रेक्टिफाय म्हणजे काय, तर समोरच्या काचेच्या बीडिंगवर, म्हणजे कडेच्या रबर पट्टीवर, बाहेरून सिलिकॉन फासलं. तेही व्हिनेगरसारखा वास येणारं. असं सिलिकॉन सुकताना त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं आणि रंग उडालेल्या पत्र्याला गंज धरतो. पुढे कुणी खरा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावायला गेलं, तर खालचं सिलिकॉन पूर्ण खरवडल्याशिवाय तो धरत नाही. मुळात काचेचं पाणी अडवतो तो आतला पीयूचा थर, बाहेरची रबर पट्टी नव्हे. शिवाय काच गळत असती तर पाणी ए-पिलरच्या (काचेच्या बाजूच्या खांबाच्या) आतून किंवा डॅशबोर्डच्या कडेने उतरलं असतं. त्या दोन्ही जागा कोरड्या ठणठणीत होत्या. हात लावून बघायला कुणाला वेळ नव्हता.

दुसऱ्या खेपेला एसीच्या ड्रेन पाइपचा दोष निघाला. तो तुंबला की कूलिंग कॉइलचं पाणी आत सांडतं, हे खरं. पण ते एसी चालू असताना, आणि मधल्या बाजूने, ब्लोअरच्या पेटीखालून येतं. इथे गाडी बंद, एसी बंद, चावी घरात, आणि ओल दाराच्या बाजूला. पाण्याला रंग नाही, गोडसर वास नाही, म्हणजे हीटरमधला कुलंटही नाही. ब्लोअरखालचा भाग कोरडा, म्हणजे वायपरखालच्या जाळीतून येणारं पाणीही नाही. तरीही पाइपात हवा मारल्याचं बिल लावलंत.

आता कारण सांगतो, फुकट. दाराच्या काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत जातंच. दार तसंच बनवलेलं असतं. ते पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराच्या आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा पडदा ब्युटाइलने, म्हणजे चिकट रबरी दोरीने, चिकटवलेला असतो, आणि त्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या आत खोचलेली असते, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणी परत पोकळीतच पडतं. तुमच्या माणसाने रेग्युलेटरसाठी पडदा ओढून काढला आणि पुन्हा लावताना खालची कड बाहेर ठेवली. जुनं, कडक झालेलं, धूळ बसलेलं ब्युटाइल अंगठ्याने दाबलं. एका कोपऱ्यात चक्क खोक्याला लावायची खाकी चिकटपट्टी आहे. फोटो सोबत जोडला आहे, मोठा करून बघा.

तपासायला गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्यावरची प्लास्टिक पट्टी काढून तिथे खडूची पूड पसरायची. एक माणूस टॉर्च घेऊन आत. बाहेरून साध्या पाइपाने, प्रेशर न देता, खालून वर, एकेका भागावर पाच-पाच मिनिटं पाणी सोडायचं. (वॉशिंगच्या प्रेशर गनने चांगली गाडीही गळू शकते, ती परीक्षा नव्हे.) उंबऱ्यावर आणि दाराच्या खालच्या भागावर पाणी मारलं तरी काही नाही. पाणी दाराच्या काचेच्या रबरावर आलं आणि थोड्याच वेळात पॅडच्या खालच्या क्लिपमधून थेंब निघाला, पुडीत सरळ रेघ काढत गेला आणि कार्पेटखाली शिरला. दोष समोरच्या काचेत नाही, एसीत नाही. दारात.

हे सगळं फोनवर तुमच्या सर्व्हिस मॅनेजरना सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, “सर, गाडी कुठे उभी करता?” म्हटलं, बिल्डिंगच्या आवारात, उघड्यावर. “म्हणजे पावसात?” हो. “मग तेच कारण आहे सर.” मी पडद्याचं पुन्हा सांगितलं. पलीकडे कीबोर्ड वाजला. “सर, गाडी बारा वर्षांच्या वर झालीय, थोडं पाणी येणारच. मॅट काढून उन्हात टाकत जा.” रत्नागिरीत, पावसाळ्यात, ऊन! इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मग म्हणाले, “एक्स्चेंज ऑफर चालू आहे, एक्झिक्युटिव्हला कॉल करायला सांगू?” सांगा ना. त्यांना आधी एवढंच विचारतो, नव्या गाडीच्या दारातला पडदा कोण लावतं?

पाणी यायला वय कारण असतं तर उजवं दारही गळलं असतं. ते त्याच दिवशी, त्याच कारखान्यात बनलं. फरक इतकाच, की त्याला तुमच्या वर्कशॉपचा हात लागलेला नाही.

मागणी अशी. नवा पडदा, आणि ‘पार्ट बंद झाला’ असेल तर मापाने कापलेली जाड प्लास्टिक शीट. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून 8 मिमीच्या आसपासची नवी ब्युटाइल दोरी, कुठेही न तुटता, आणि स्पीकरच्या भोकाभोवतीही. खालची कड आत. तळाची भोकं मोकळी. सीट सोडवून कार्पेट पूर्ण उचलायचं, कारण पाणी वर दिसतं त्याहून जास्त खालच्या फोममध्ये मुरतं आणि फरशीचा पत्रा खालून नव्हे, वरून सडतो. उंबऱ्याखालून जाणाऱ्या वायरिंगचे कनेक्टर उघडून बघायचे. बीडिंगवरचं सिलिकॉन खरवडून काढायचं. हे सगळं विनामूल्य, आणि आधीच्या दोन्ही बिलांची रक्कम परत.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे, तुमच्या विधी विभागाला विचारा. या घरात तुमच्याच कंपनीच्या गाड्या येत आल्या, हे आता कुणाला सांगावंसंही वाटत नाही.

आपला,
ग्राहक

सोबत : दोन्ही जॉब कार्डं, दोन्ही बिलं, दाराचे फोटो

ता. क. : सिलिकॉन पॅसेंजर बाजूला बॉनेटच्या रंगावरही सांडलेलं आहे. तेही काढायचं. ब्लेडने नव्हे.