श्रद्धांजलीच्या सभेत नाट्यपद का नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात या स्तंभात एका वाचकांनी लिहिले होते की श्रद्धांजलीच्या सभेत भजने म्हणावीत, नाट्यपदे आणि नाच नको. मरणाचे गांभीर्य त्याने जाते. पत्र तळमळीचे होते. मी चाळीस वर्षे भजनी मंडळाला पेटीची साथ करते आहे, त्यामुळे त्यांना काय खुपले ते मला कळते. पण मला ते पटलेले नाही. का पटले नाही हे सांगायला मात्र मिरजेहून बरेच लांब जावे लागेल.

माझी मुलगी प्रागला असते. तिच्याकडे गेले असताना ती मला तेरेझीनला घेऊन गेली. बसने तासाभराचा रस्ता. सम्राट दुसरा योसेफ याने अठराव्या शतकात आपल्या आईच्या, मारिया तेरेझाच्या नावाने वसवलेले हे किल्ल्याचे गाव. लाल विटांचे तट आणि भोवती खंदक. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी इथे ज्यूंना कोंडायला सुरुवात केली. सुमारे १ लाख ४० हजार माणसे इथे आणली गेली. त्यांतली ३३ हजारांच्या आसपास इथेच उपासमारीने आणि रोगराईने मेली, सुमारे ८८ हजार पुढे ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत आणि तसल्याच ठिकाणी पाठवली गेली. माग्देबुर्ग नावाच्या बराकीत आता तिथल्या संगीत-नाटकांचे प्रदर्शन आहे. एका खोलीत फळ्यांचे तीन मजली बिछाने मांडून ठेवलेत, आणि त्याच इमारतीत मैफलींची हाताने रंगवलेली पत्रके. त्या पत्रकांपुढून माझा पाय निघेना.

तिथे राफाएल शेख्टर नावाच्या संगीत-दिग्दर्शकाने व्हेर्दी या इटालियन संगीतकाराचा रेक्वियेम बसवला. रेक्वियेम म्हणजे मृतांसाठीची कॅथलिक प्रार्थना. व्हेर्दीने ती मांझोनी या लेखकाच्या स्मरणार्थ रचली आणि १८७४ मध्ये मिलानला पहिल्यांदा सादर केली. तेव्हाही हान्स फॉन ब्यूलो या जर्मन संगीतकाराने नाक मुरडले होते, हा चर्चच्या वस्त्रांतला ऑपेराच, म्हणजे तिकडचे संगीत नाटकच, आहे म्हणून. म्हणजे आपल्या वाचकांचा आक्षेप दीडशे वर्षे जुना आहे! शेख्टरकडे स्वरलिपीची एकच प्रत होती. दिवसभर राबून आलेल्या ज्यू कैद्यांकडून त्याने ते लॅटिन शब्द ऐकवून ऐकवून पाठ करून घेतले. दीडशे जणांचा वृंद उभा राहिला, आणि पहिल्या प्रयोगानंतर त्यातल्या बहुतेकांना गाडीत भरून पूर्वेकडे नेले. त्याने नवी माणसे जमवली. तीही नेली. पुन्हा जमवली. असे सोळा प्रयोग झाले. १९४४ च्या जूनमध्ये रेड क्रॉसचे पाहुणे आले, त्या सुमारास उरलेल्या साठेक जणांनी तो नाझींच्या एसएस या दलाच्या अधिकाऱ्यांसमोर गायला. त्यात एक ओळ आहे: जे दडलेले आहे ते उघड होईल, कशाचाही बदला घेतल्यावाचून राहणार नाही. ही ओळ त्या अधिकाऱ्यांच्या तोंडावर गायली गेली. दुसऱ्या कुठल्या भाषेत, दुसऱ्या कुठल्या रूपात ती त्यांना म्हणता आली असती?

त्याच गावात व्हिक्टर उल्मान या संगीतकाराने आणि पेटर कीन या पंचविशीतल्या कवी-चित्रकाराने एक छोटा ऑपेरा रचला, 'अटलांटिसचा सम्राट'. सम्राट राजवाड्यात एकटा बसून लाउडस्पीकरवरून हुकूम सोडतो आणि सर्वांविरुद्ध सर्वांचे युद्ध पुकारतो. मृत्यूला हा अपमान सहन होत नाही. तो आपली तलवार मोडतो आणि संपावर जातो. मग कुणी मरेचना. फाशी दिलेला मरत नाही, गोळी घातलेला मरत नाही. मध्ये एक नाचाचे मध्यंतर आहे, त्याचे नावच 'जिवंत मृत'. शेवटी मृत्यू सम्राटाला सांगतो, मी परत येतो, पण पहिला तू चल. आणि सम्राट तयार होतो. अखेरचे गाणे मार्टिन लूथर या जर्मन धर्मसुधारकाच्या प्रसिद्ध स्तोत्राच्या चालीवर आहे: ये मृत्यो, आमच्या आदरणीय पाहुण्या, तुझे थोर नाव कुणी व्यर्थ घेऊ नये, हे आम्हांला शिकव.

संपादक महाराज, माझे यजमान २०२१ च्या मे महिन्यात गेले. त्याआधी अकरा दिवस ते कृत्रिम श्वासावर होते. त्या दिवसांत मी मृत्यूची वाट पाहिली, आणि वाट पाहते याची मला लाजही वाटत राहिली. या ऑपेरात मृत्यू स्वतःला माळी म्हणवतो, दुःखाने नांगरलेल्या सऱ्यांत झोप पेरणारा माळी. मुलीने मला त्या ओळीचा अर्थ सांगितला तेव्हा ती लाज गेली. लहानपणी कीर्तनात ऐकलेली शांतिपर्वातली कथाही तेव्हा आठवली. तिथे मृत्यू स्त्री आहे. ब्रह्मदेव तिला प्राण्यांचा संहार करायला सांगतो तेव्हा ती रडते, नाही म्हणते. तिच्या अश्रूंचेच रोग होतात.

१९४४ मध्ये या ऑपेराच्या तालमी झाल्या, प्रयोग झालाच नाही. १६ ऑक्टोबरच्या गाडीत उल्मान होता आणि शेख्टरही होता. दोन दिवसांनी उल्मानला ऑश्विट्झमध्ये मारले. कीनही त्याच महिन्यात गेला. हस्तलिखित मागे राहिले, म्हणून १६ डिसेंबर १९७५ रोजी ॲम्स्टरडॅमला पहिला प्रयोग होऊ शकला.

आता माझी विनंती. जेमतेम तासाभराचा हा खेळ आहे. सात पात्रे, बारा-चौदा वादक, एवढेच लागते. 'कीचकवधा'ने इंग्रज सरकारला बंदी घालायला लावणाऱ्या रंगभूमीला हे जड नाही. सांगली-मिरजेच्या एखाद्या नाट्यमंडळाने तो मराठीत करावा, लूथरची चाल तशीच ठेवून, आणि त्या मध्यंतराच्या नाचासाठी आपल्या मुलींना उभे करावे. घुंगरू मात्र नकोत असे मला वाटते. नुसते पाय वाजू द्यावेत.

त्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन आहे, बँजो आहे, आणि आपल्या संगीत नाटकांत वाजायची तशी पायपेटीही आहे. माझे वडील नाटक कंपनीत पायपेटी वाजवत; ती माझ्याकडे आहे. भाता मागच्या वर्षी नवा बसवून घेतला. तालमी कुठे आहेत ते कळवावे, मी ती घेऊन येईन.

आपली वाचक,
एक निवृत्त संगीतशिक्षिका, मिरज