पाळणाघर बघायचे तर दुपारी दीडला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून तोंडावर आला की पाळणाघरांच्या जाहिराती सुरू होतात : एसी, कॅमेरे, इंग्रजी बालगीते. पाटीवर गुजरातीतले ‘घोडियाघर’ असो की ‘डे-केअर’, आईवडील सकाळी अकराला जातात, रंगीत भिंती बघतात आणि फी भरून येतात. अकराला सगळीच पाळणाघरे चांगली दिसतात. जायचे ते दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान, न कळवता. तेव्हा सांभाळणाऱ्या बायका आळीपाळीने जेवत असतात, मुले निजलेली असतात आणि खोलीत खरोखर कितीजणी उरतात ते कळते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका धरली आहे. तान्ह्यांसाठी हे फारच सैल आहे. आग लागली किंवा पाणी शिरले तर एक बाई दोन बाळे उचलू शकते, तिसरे नाही. म्हणून चालू लागेपर्यंत तीन-चार बाळांमागे एक बाई हवी, आणि मोजताना स्वयंपाकीण व मालकीण धरू नयेत.

पाणी शिरण्याची गोष्ट वडोदऱ्यात काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे. पाळणाघर तळमजल्यावर असेल तर वर जायचा जिना कोणाचा, किल्ली कोणाकडे, पालक पुलापलीकडे अडकले तर रात्री मुलाजवळ कोण थांबणार, हे आधी विचारा. पालकांचे नंबर कागदावरही हवेत. चार्जिंग संपलेल्या मोबाइलमधले नंबर कामाचे नाहीत.

पुढे स्वयंपाकघर. काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास चालते. मे महिन्यात पारा बेचाळिसाला टेकला की तो हिशेब विसरा, थेट फ्रिज. बाळाने उष्टावलेले दूध दोन तासांत संपवायचे, उरले तर ओतून द्यायचे. ‘टाकवत नाही हो’ म्हणत तीच बाटली संध्याकाळी पुन्हा तोंडाला लागते आणि जुलाब सुरू होतात. लंगोट बदलायची जागा ओट्यापासून लांब आहे का, जवळ साबण आहे का, सगळ्यांची तोंडे एकाच नॅपकिनने पुसतात का, तेही बघा. खाऊत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे दिसली तर सरळ बोला; घशात अडकतात ती हीच.

वर्षाखालच्या बाळाला घट्ट गादीवर, पाठीवर, उशीशिवाय निजवायचे. (राईची उशी आजी मायेने पाठवते, ती घरीच राहू द्या.) औषध द्यायचे तर नाव, किती मिलि आणि वेळ लिहून द्या, चमचा बाटलीबरोबरचा. मूल घरी येऊनही रोज पेंगत असेल तर दुपारी त्याला काय पाजले जाते, हे विचारायला संकोचू नका.

नोकरदार आयांनी आधी आपल्याच कचेरीत चौकशी करावी. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणे प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चारदा बाळाला भेटता येते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कित्येक बायकांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

आणि जूनच्या पहिल्या सोमवारी मूल एकदम आठ तास सोडू नका. त्या दिवशी सगळीच नवी मुले रडत असतात, कडेवर घ्यायला कोणी मोकळे नसते. मेच्या मध्यापासून सुरुवात करा : दोन दिवस आईसह अर्धा तास, मग आई बाहेरच्या खोलीत, मग एकट्याने तासभर, मग जेवणापर्यंत. झोप सगळ्यात शेवटी.

– बालसंगोपन प्रशिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा